अर्थिंगला पाणी घातलं का?

माझ्या हातात मच्छर मारायची बॅट होती. बॅटीच्या जाळ्या काढून तिथे चहाची स्टीलची गाळणी बसवलेली, गाळणीत बारीक कापलेलं हिरवं नायलॉन, आणि मी थर्माकोलच्या एका पाटावर ओणवी होऊन ओरडत होते, "उभं राहा! अरे, उभं राहा ना, मेल्या!" मे महिना, दुपारचे तीन, हिंगोलीचं ऊन. झेडपीच्या शाळेत माझी सत्तावीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत मी 'उभं राहा' म्हटलं आणि समोरचं उभं राहिलं नाही, असं कधी झालेलं नाही. गवत मात्र ऐकत नव्हतं.

हे सगळं बाबांच्या एका वाक्यामुळे सुरू झालं.

बाबा रेल्वेत गेटमन होते. छोटी लाईन होती तेव्हा, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, शेतांतून जाणाऱ्या एका गाडीवाटेवर त्यांचं फाटक होतं. फाटकाजवळ ड्यूटीची छोटी खोली, म्हणजे गुमटी, मागे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, एक लिंब, आणि दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर गवत. मी आणि माझा धाकटा भाऊ तिथेच वाढलो. पुढे मोठी लाईन आली, फाटक गेलं, गाडीवाट रुळांखालून निघाली. बाबा तोवर निवृत्त झाले होते. गेल्या दोन वर्षांत काचबिंदूने त्यांचे डोळे गेले आणि डोळ्यांपाठोपाठ बोलणंही गेलं. माझ्याकडे राहायला आले ते हॉलमधल्या खाटेवर बसले आणि बसूनच राहिले. स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली की मान वर करायचे, "लेट हाय" एवढं म्हणायचे आणि पुन्हा गप्प. आई गेली तेव्हासुद्धा ते इतके गप्प झाले नव्हते.

त्यात भावाने ठरवलं की आता सहा महिने बाबांना पुण्याला न्यायचं. पंधरा दिवसांनी, रविवारी, तो गाडी घेऊन येणार होता. हे सांगितल्यावर बाबांनी चाचपडत आपली पत्र्याची पेटी उघडली, नोकरीतली पितळी शिट्टी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ठेव तुझ्याकडं. मी काय आता तिकडून वापस येत न्हाई."

मला रडू येण्याआधी राग येतो, हा माझा जुना रोग. मी शिट्टी परत पेटीत टाकली, झाकण आपटलं आणि मनाशी ठरवलं, जाण्याआधी यांचं फाटक यांच्या हातात द्यायचं. असं सगळं आवरून, निरोप घेऊन मी यांना जाऊ देणार नाही. डोळे गेले तर गेले, हात आहेत ना!

आता नमुने बनवणं म्हटलं की माझ्या अंगात येतं. ज्वालामुखी, पवनचक्की, माणसाची पचनसंस्था, सगळं मी विज्ञान प्रदर्शनांत मांडलेलं आहे. त्यातून सुट्टी. चार दिवसांत मी पाट तयार केला. तांब्याच्या तारेचे रूळ, काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर, पुठ्ठ्याची गुमटी, काडीचा लिंब, सायकलच्या तारेचं फाटक. दोरा ओढला की फाटक वर जायचं, सोडला की खाली. जमिनीला हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवला. दिसायला असं झकास झालं की मीच दोनदा त्याचा फोटो काढला.

पाट बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटं रुळांवर गेली, दोन रुळांमधलं अंतर त्यांनी मापलं. "छोटी लाईन," ते म्हणाले. बोटं गुमटीवर गेली, फाटकावर गेली, लिंबावर गेली. मग तळहात जमिनीवर टेकला आणि थांबला.

"ह्ये काय, शाळेचं पटांगन हाय का?"

"गवत आहे ते बाबा. हिरवा भुसा लावलाय."

"दिसायला आसंन. माझ्या फाटकाला गवत व्हतं, बाई. पोटरीला लागायचं. ह्ये कोन्या बी गावचं फाटक व्हय. माझं न्हाई."

आणि पाट त्यांनी माझ्याकडे सरकवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. नवरा जेवत होता, त्याने मुकाट्याने ताट उचललं आणि बाहेरच्या ओट्यावर गेला. पण भांडी आपटता आपटताच मला कळलं की बाबांचं बरोबर आहे. डोळस माणसाला गवत हिरवं असलं की पुरतं. हाताला ते उभं असावं लागतं.

मग मोबाईल घेऊन बसले आणि माझ्यासमोर एक वेगळंच जग उघडलं! जगभर म्हातारी-कोतारी माणसं खेळण्यातल्या रेल्वेभोवती डोंगर, ओढे, कुरणं उभारत बसलेली. त्यांचं गवत खरोखर उभं असतं, आणि तेही विजेने! वरच्या गाळणीला तारेचं एक टोक, खालच्या ओल्या गोंदात दुसरं टोक. बटण दाबून गाळणी हलवली की मधल्या ओढीने नायलॉनचे तंतू उभेच्या उभे खाली येतात आणि गोंदात रुततात. केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग मी दरवर्षी पोरांना दाखवते, त्याचाच हा थोरला भाऊ. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. बाबांनी मान वर केली, शिट्टी नाही हे कळल्यावर खाली घातली.

तयार यंत्राची किंमत बघून फोन पालथा ठेवला. पण एका माणसाने तेच यंत्र मच्छरच्या बॅटीपासून बनवलेलं दाखवलं होतं. बॅट काय, आमच्या घरात दोन होत्या! नवऱ्याचं बी-बियाणाचं दुकान आहे. त्याने बॅट, गाळणी आणि माझा अवतार पाहिला आणि पेरणीच्या अवजारावरून यंत्राचं नाव ठेवलं 'तिफण'. गाळणी गेल्यामुळे त्याला दहा दिवस फडक्याने गाळलेला चहा प्यावा लागला, म्हणून त्याला तेवढा हक्क होता.

नायलॉनचा पुडा मागवला होता, तो येईना. मला कुठे दम निघतो! हिरवी लोकर कात्रीने बारीक कापली, गाळणीत भरली, बटण दाबून हलवली. लोकर गोळ्यागोळ्याने पडली आणि लोळत राहिली.

"उगवण न्हाई," नवरा म्हणाला. "बियाणं बोगस हाय. दुबार पेरणी करावी लागंन."

पुडा आला तो रविवारला तीन दिवस राहिले असताना. मी तो दारातच फाडला. मऊ, चकचकीत, हिरव्या-पिवळ्या रंगाचं मिश्रण, अगदी दिवाळीनंतर वाळायला लागलेल्या पवन्या गवतासारखं. पाटावरचा भुसा खरवडून काढला, त्यावर मातकट रंग दिला, रंगावर पांढरा गोंद पसरला, बॅटीची दुसरी तार एका खिळ्याला बांधून खिळा थर्माकोलमध्ये खोचला, बटण दाबलं. काही तंतू कसेबसे उठल्यासारखे झाले आणि सगळे आडवे झाले. वादळात लोळलेल्या ज्वारीसारखं ते रान दिसत होतं.

मग मी एकेक दोष शोधायला लागले. बॅट रात्रभर चार्जिंगला लावली. काही फरक नाही. गाळणीची मूठ प्लास्टिकची होती, तार चुकून तिथेच गुंडाळलेली सापडली. स्वतःच्या कपाळावर हात मारून ती सोडली आणि जाळीच्या कडेला घट्ट बांधली. थोडा फरक. तारेचा सांधा हलत होता, म्हणून कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे धावले. त्याने डाग देऊन सांधा पक्का केला आणि दोन्ही टोकं एकमेकांजवळ नेली. टक्‌कन ठिणगी उडाली.

"मॅडम, करंट बराबर है," तो म्हणाला. "मशीन में कुछ खराबी नहीं. आगे का रस्ता देखो."

आगे का रस्ता म्हणजे काय, हे त्याला विचारायचं सुचलंच नाही. मी आनंदाच्या भरात घरी पळाले. गाळणी वीतभर उंचीवरून धरत होते, ती बोटभर उंचीवर आणली. पहिल्या चिमटीला दहा-बारा तंतू उभे राहिले! मी किंचाळले. दुसऱ्या चिमटीला सगळे झोपले. तिसऱ्या चिमटीला पंख्याच्या वाऱ्याने अर्धं गवत उडून वरणात पडलं. नवऱ्याने जेवताना ते वेचून ताटाच्या कडेला लावलं आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, याचा मला जास्त राग आला.

आणि आता शनिवार, दुपारचे तीन. भावाचा फोन येऊन गेला होता, तो रात्री निघून सकाळी पोचणार होता. बाबांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. आणि मी गवतावर ओरडत होते. रागाच्या भरात माझा एक हात गाळणीला लागला आणि दुसरा खिळ्याला. असा झटका बसला की बॅट एकीकडे आणि मी एकीकडे!

"आई गं!"

खाटेवरून आवाज आला, "अर्थिंगला पानी घातलं का?"

मी हात झटकत होते ती तशीच थांबले. 'लेट हाय' सोडलं तर आठवड्यात बाबांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

"काय म्हणालात बाबा?"

"काय करून राहिली म्हाईत न्हाई. पन मघापासून बटन वाजून राहिलं, काम व्हऊन न्हाई राहिलं. मंग अर्थिंग सुकली आसंन. पानी घातलं का?"

मला सगळं आठवलं. गुमटीत दांडी फिरवायचा फोन होता. त्याची एक तार खांबांवरून स्टेशनात जायची आणि दुसरी जमिनीत. त्या दुसऱ्या तारेलाच अर्थिंग म्हणायचे. उन्हाळ्यात जमीन सुकली की फोनची घंटी बारीक व्हायची, स्टेशनातला आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. म्हणून रोज संध्याकाळी गुमटीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात एक हंडा पाणी ओतायचं. ते काम माझं. मला वाटायचं, आपण फोनला पाणी पाजतोय. एखाद्या दिवशी विसरले की बाबा दारातूनच विचारायचे, अर्थिंगला पाणी घातलं का? गावात वीज आल्यावर पुढे सगळ्यांच्याच तोंडी ते झालं. मोटर चालेना, टीव्ही मुंग्या दाखवतो, पंखा हळू फिरतो, काहीही बिघडलं की आमच्याकडे माणूस आधी अर्थिंगला पाणी घालतो.

मीही तेच केलं. बादली उचलली, मिठाचा पुडा घेतला आणि तडक घरामागे गेले. आमच्या घराच्या वायरिंगची अर्थिंग तिथे मीटरखालच्या खड्ड्यात आहे. दोन बादल्या पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं. पळत आत आले, बटण दाबलं, गाळणी हलवली. गवत आडवं!

नवरा दुकानातून जेवायला आला होता, तो दारात उभा राहून पाहत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "ही तिफण बॅटरीवर चालते ना? मग घराच्या अर्थिंगचा न हिचा काय संबंध?"

विज्ञान शिकवणाऱ्या बाईला तिच्याच घरात असं ऐकावं लागलं! मी भुईवर बसकण मारली आणि विचार केला. बॅटीला घराची अर्थिंग नाही, मान्य. पण बाबा चुकायचे नाहीत. फोनला काय लागायचं? दुसऱ्या तारेला ओली जमीन. मग माझ्या दुसऱ्या तारेची जमीन कुठली?

मी खिळा उपसला. कोरडा ठणठणीत! टोकाला थर्माकोलचे दोन दाणे चिकटलेले. गोंद त्याला नावापुरताच लागलेला, तोही वाळलेला. थर्माकोलमधून वीज जाते थोडीच! आणि वरचा गोंद? बोट लावून पाहिलं तर पंख्याखाली त्यावर कधीच कोरडी साय धरली होती. जे थोडे तंतू उभे राहिले होते, ते गोंद नुकताच लावलेला असताना, खिळ्याच्या बुडाशी. दुरुस्तीवाल्याचा 'आगे का रस्ता' हा होता. माझ्या गवताची जमीनच सुकलेली होती, आणि मी तीन दिवस बॅटीला शिव्या घालत होते.

"पंखा बंद करा!" मी ओरडले.

"अगं, त्रेचाळीस डिग्री..."

"बंद करा म्हणते ना!"

पंखा बंद झाला. गोंदात पाणी घालून तो दुधासारखा पातळ केला. सगळ्या पाटावर न पसरता तळहाताएवढ्याच जागेत लावला. खिळा खोचला नाही, त्या ओल्या गोंदातच आडवा ठेवला. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा फवारा आणला आणि वरून एक हलकी फुंकर मारली. हात धुतले, कोरडे केले, श्वास रोखला, बटण दाबलं. गाळणी हलवली.

बारीक सरसर आवाज झाला आणि गवत उभं राहिलं!

सगळं! एकूण एक! तंतू गाळणीतून सुटत होते आणि ताठ उभे गोंदात शिरत होते, वर्गात साहेब आल्यावर पोरं उठतात तसे. मी नवऱ्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. "बघा, बघा, बघा!" तो गुडघ्यांवर बसून पाहत राहिला, घामाने निथळत, आणि मग अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "शंभर टक्के उगवण." मला इतका आनंद झाला होता की मी हसतही होते आणि पदराने डोळेही पुसत होते. बाबांना सांगावंसं वाटत होतं, पण ते सकाळसाठी राखून ठेवलं. तळहात तळहात करत संध्याकाळपर्यंत पेरणी चालली. रुळांच्या कडेने, गुमटीमागे, लिंबाखाली. दर खेपेला आधी पाणी. अंधार पडायच्या आत अंगणात पाट पालथा करून जास्तीचं गवत झटकलं आणि तो कपाटावर वाळायला ठेवला.

सकाळी भाऊ आला. चहा झाला, पिशवी गाडीत गेली. भाऊ घड्याळ बघत होता, पुण्याचा रस्ता लांबचा. मी पाट आणला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला.

बोटं रुळांवर आली. स्लीपर मोजत गुमटीपर्यंत गेली. दोरा सापडला, फाटक एकदा वर गेलं, खाली आलं. मग तळहात खाली उतरला, गवताच्या शेंड्यांना टेकला आणि थांबला. तळहात एका बाजूने फिरला, मग उलट्या बाजूने, गवत दबलं आणि परत उठलं. पुन्हा फिरला. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"येवढं वाढू दिलं काहून?"

"काय बाबा?"

"पार रुळाला लागून राहिलं ना. लाईन तपासाया साहेबाची ट्रॉली आली म्हंजे? मला चार्जशीट मिळंन का तुला? लाईनीपासून दोन हात मोकळं पायजे. इळा आन."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात ते हसू होतं, आई असताना तिला चिडवताना असायचं तेच. दोन वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

मी नवऱ्याची मिशी कापायची कात्री आणून त्यांच्या हातात दिली. डाव्या हाताच्या बोटाने रूळ धरून, उजव्या हाताने ते अंदाज घेत कापत गेले. तीन दिवसांची माझी मेहनत कचाकच त्यांच्या धोतरावर पडत होती आणि माझा आनंद कुठे मावत नव्हता. भाऊ घड्याळ विसरून पाट धरून बसला. रुळांच्या एका अंगाने गुमटीपर्यंत सरळ, स्वच्छ पट्टी निघाली. तिथे बाबा थांबले, कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि कात्री माझ्याकडे दिली.

"दुसरी बाजू राहिली बाबा," मी म्हणाले.

"राहू दे. गाडीला उशीर व्हतो." ते उठले, भावाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले, गाडीत बसले. मी दार लावणार, तेवढ्यात त्यांनी काचेवर हात ठेवला.

"दुसरी बाजू वापस आल्यावर कापतो. तवर पानी घालत जा."

"व्हय," मी म्हणाले.